शिळ्या भाताचा हिशेब

पुरस्कर्ता : घरात उरलेल्या अन्नाची चर्चा करायची असेल, तर भंडारा जिल्ह्याइतकी योग्य जागा सापडणे कठीण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख मामा तलावांच्या, म्हणजे मालगुजारीच्या काळापासून चालत आलेल्या गावतळ्यांच्या पाण्यावर धान पिकवत आला आहे, आणि येथे अन्न म्हटले की आधी भात आणि उरलेले अन्न म्हटले की रात्रीचा भात, हे तुमसरपासून लाखांदूरपर्यंत बदलत नाही. त्यातही रात्रीचा भात येथे बहुधा चुकून उरत नाही, तो उरवला जातो. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावण्याच्या हंगामात, पहाटे चूल पेटवत बसायला कोणालाच सवड नसते. म्हणून संध्याकाळीच गंजात, म्हणजे भात शिजवायच्या पातेल्यात, दोन मुठी तांदूळ जास्त पडतात. जेवणे आटोपल्यावर उरलेला भात हाताने मोकळा करून तो बुडेल इतके पाणी त्यावर घालतात. सकाळी त्यात मीठ आणि असेल तर ताक मिसळून, कांदा व हिरवी मिरची तोंडी लावून तो खाल्ला जातो आणि माणूस बांधीकडे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताकडे, निघतो. शेजारच्या छत्तीसगडात यालाच बासी म्हणतात आणि २०२२च्या १ मे रोजी, कामगार दिनी, तेथील सरकारने तो पदार्थ मानाने खाण्याचा जाहीर कार्यक्रमच केला. ओडिशातील पखाळ आणि बंगालमधील पांता भात ही त्याचीच भावंडे होत. अन्नाची नासाडी टाळा, असे आज जे सांगितले जाते, ते या पट्ट्यातील स्वयंपाकघरांनी कोणी सांगण्याआधीच अंगी बाणवले होते.

संशयवादी : आपण जे वर्णन केले ते खरे आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जो भात सकाळी खायचा म्हणून रात्रीच मोजून शिजवला, तो उरलेला म्हणताच येत नाही. ती आदल्या रात्री केलेली न्याहारी झाली. तिला नासाडीविरुद्धच्या लढ्यात जमा धरणे म्हणजे ठरलेल्या खर्चाला बचत म्हणणे होय. खरा प्रश्न अनवधानाने उरलेल्या अन्नाचा आहे, आणि तेथे आकडे फारसे भरवशाचे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. भारतातील घरगुती नासाडी त्यात दरडोई वर्षाला ५५ किलो धरली आहे, तर जगाची सरासरी ७९ किलो आहे. हा आकडा भाषणांत वापरला जातो तेव्हा जणू ५५ किलो शिजलेले अन्न प्रत्येकजण उकिरड्यावर टाकतो असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात या मोजणीत खाण्याजोग्या अन्नाबरोबरच साली, देठ, हाडे, आंब्याच्या कोयी हे सारे एकत्र तोलले जाते. भोपळ्याच्या सालीची चटणी करता येते हे मान्य. कोयीचे काय करायचे? शिवाय साकोली किंवा लाखनी तालुक्यातील ज्या घराच्या मागे गाय बांधलेली आहे, तेथे उरलेला भात, भाताची पेज आणि तांदळाचे धुवण ढोरांच्या पुढ्यात जाते आणि कोंबड्या उरलेसुरले टिपतात. कचऱ्याचे वजन करून नासाडी मोजणाऱ्याला ते घर दिसतच नाही, आणि म्हणून त्या घराला अन्न वाचवण्याचा उपदेश करण्याचे प्रयोजनही उरत नाही.

पुरस्कर्ता : आकड्यात साली मिसळलेल्या आहेत हे खरे, परंतु म्हणून भात त्यातून वजा होत नाही. आपण ज्या घराचे उदाहरण दिले ते घर झपाट्याने कमी होत आहे. भंडारा शहरातील, तुमसरमधील किंवा पवनीतील सदनिकेच्या मागे गाय नाही. तेथे गंजातील उरलेला भात सकाळी घंटागाडीत जातो. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, तरी दोन्ही एकाच ढिगात पडलेले दिसणे हा अपवाद राहिलेला नाही, आणि ढिगाच्या तळाशी हवा न मिळता कुजणारे अन्न मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या कालावधीत मोजले तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. धानाच्या बाबतीत यात आणखी एक भर आहे, कारण पाणी भरून ठेवलेल्या बांधीच्या चिखलातूनही मिथेनच निघतो. फेकलेल्या भाताने तो वायू अशा रीतीने दोनदा सोडलेला असतो, एकदा पिकताना आणि एकदा कुजताना. आता एका मुठीचा हिशेब पाहावा. साधारण ५० ग्रॅम तांदूळ रोज जास्त शिजला आणि टाकला गेला, तर वर्षात १८ किलोंहून अधिक तांदूळ होतो. सरकारी भरडाईत एका क्विंटल धानापासून ६७ किलो तांदूळ धरला जातो, त्या हिशेबाने हे सुमारे २७ किलो धान झाले. ज्या पाच माणसांच्या घराला राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली दरडोई ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य मिळते, त्याच्या दृष्टीने ही तीन आठवड्यांच्या धान्याइतकी गोष्ट आहे.

संशयवादी : मुठीचा हिशेब बिनचूक आहे, पण मूठ पाहताना पोते नजरेआड होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात संस्थेने २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तृणधान्यांतील ४.६५ ते ५.९९ टक्के भाग कापणीपासून साठवणीपर्यंतच्या टप्प्यांत नष्ट होतो. भंडारा आणि १९९९ पर्यंत त्याचाच भाग असलेला गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत आधारभूत खरेदीच्या हंगामात उघड्यावर ठेवलेले धान अवकाळी पावसात भिजल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. पुंजणे, म्हणजे शेतात रचलेले कापलेल्या धानाचे ढीग, पावसात सापडले की दाण्याला कोंब फुटतात. एका रात्रीच्या पावसात जे जाते, ते किती घरांच्या किती मुठींनी भरून निघेल? अशा वेळी बाईने रात्रीच्या भाताचे काय करावे याचे धडे देणे म्हणजे गोदामाची जबाबदारी चुलीवर ढकलणे आहे. आणि चुलीवर तरी नेमके काय वाचते? भाताला फोडणी द्यायची म्हणजे तेल हवे, वडे करायचे म्हणजे बेसन आणि तळणाचे तेल हवे. अन्नसुरक्षा कायद्याखालील तांदूळ १ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतो. खाद्यतेल मात्र विकत घ्यावे लागते आणि देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. मोफत मिळालेला वाटीभर भात वाचवण्यासाठी दोन पळ्या आयात केलेले तेल आणि वर गॅस जाळणे, याला घरखर्चाच्या वहीत बचत म्हणता येईल काय? शिळ्या पोळीचा चुरा, भाताचे वडे, वरणात भिजवलेल्या कणकेचे पराठे, या पदार्थांची चव नाकारण्याचे कारण नाही. पण ते चवीसाठी केले जातात हे कबूल करावे आणि पर्यावरणाची सबब त्यांना जोडू नये.

पुरस्कर्ता : तेलाचा आक्षेप फोडणीच्या भाताला लागू पडतो, पाण्यातल्या भाताला पडत नाही, त्याला तेलही लागत नाही आणि विस्तवही लागत नाही, आणि जिल्ह्याची मूळ रीत तीच आहे. तरीही फोडणीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताजा गरम भात फोडणीला टाकला तर त्याचा गोळा होतो, पण रात्रभर थंड झालेल्या भाताचे दाणे सुटे राहतात. शिजताना फुगून मऊ झालेले पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बांधले जाते, आणि त्यातील काही भाग लहान आतड्यात सहजी न पचणारा, म्हणजे प्रतिरोधी पिष्ट, बनतो. भात शीतकपाटात एक दिवस ठेवून पुन्हा गरम केल्यास हा भाग ताज्या भातापेक्षा दुपटीहून जास्त होतो असे प्रयोगांत दिसले आहे, जरी मुळात त्याचे प्रमाण शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आतच असते. म्हणजे शिळा भात हा काही कामांसाठी ताज्याहून सरस कच्चा माल आहे, आणि पाककौशल्य हे ओळखण्यातच असते. राहिला गोदामाचा मुद्दा. खळ्यावर भिजलेले किलोभर धान आणि गंजातून टाकलेला किलोभर तांदूळ यांची किंमत सारखी नाही, कारण दुसऱ्यामागे भरडाई, वाहतूक, साठवण, रेशन दुकानाची व्यवस्था, पाणी आणि इंधन हे सारे खर्च होऊन चुकलेले असतात. साखळीच्या शेवटच्या टोकाला गेलेले अन्न सर्वांत महाग असते. गोदामाला छप्पर हवे ही मागणी योग्यच आहे, परंतु ती मान्य होईपर्यंत गंजाकडे पाहू नये असे तिच्यातून निघत नाही.

येथवरच्या वादात पुरस्कर्त्याचे पारडे जड वाटते. परंतु दोघेही खाणाऱ्याला एकच, निरोगी आणि निनावी माणूस मानून बोलत आहेत. संशयवाद्याचे पुढील आक्षेप नेमके याच गृहीतावर आहेत.

संशयवादी : आता पोटाचा विचार करावा. तांदळावर मातीतून आलेला बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू असतो आणि त्याची बीजे, म्हणजे प्रतिकूल काळात टिकून राहणारे कवचबंद रूप, भात उकळल्याने मरत नाहीत. भात कोमट होऊ लागला की ती रुजतात, तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान जोमाने वाढतात आणि वांती घडवणारे एक विष भातात सोडतात. हे विष घरगुती उष्णतेला दाद देत नाही, म्हणून सकाळी कडकडीत फोडणी दिल्याने बिघडलेला भात सुधारत नाही. वास आणि चव बदललेली नसतानाही तो बाधू शकतो. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ घरातल्या तापमानात ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भंडाऱ्यात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि रात्रीही खोली तिसाच्या खाली उतरत नाही. त्या वेळी झाकण लावून ओट्यावर ठेवलेला गंज हे या जीवाणूचे उबवणीघरच असते. ज्या घरात शीतकपाट आहे त्याने भात पसरट ताटात तासाभरात निववून आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा, एवढे सांगता येते. ज्या घरात ते नाही, त्याला काय सांगणार?

पुरस्कर्ता : त्याला पाणी घालायला सांगणार, आणि ते कशासाठी हेही सांगणार. भात पाण्यात बुडवला की तो लवकर निवतो, हा पहिला लाभ. दुसरा असा की पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू, म्हणजे दही लावणाऱ्यांचेच भाईबंद, वाढू लागतात आणि पाणी जसजसे आंबते तसतशी बॅसिलस सेरियसची वाढ खुंटते. कोरडा झाकून ठेवलेला भात आणि पाण्यातला भात या आरोग्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. मात्र परंपरेच्या नावाने जे अतिरेकी दावे केले जातात त्यांना येथे पाठिंबा द्यायचा नाही. आंबवलेल्या भातात लोह कित्येक पटींनी वाढते असे वारंवार सांगितले जाते. लोह हे मूलद्रव्य आहे, जीवाणू ते घडवू शकत नाहीत. आंबवण्याने फार तर धान्यातील लोह अडवून ठेवणारे फायटेट फुटते आणि आहे तेवढे लोह शरीराला अधिक सुलभ होते. तसेच पाणी आंबायला काही तास लागतात आणि त्या आधीच्या तासांत धोका असतोच, हेही नाकारण्यासारखे नाही. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळचा भात उशिरा शिजवणे, गार पाणी घालणे, भांडे धुऊन कोरडे केलेले असणे आणि भात सकाळी लवकर खाऊन टाकणे, या चार गोष्टी पाळाव्या लागतात. लहान मूल, गरोदर स्त्री आणि आजारी माणूस यांना तो देऊ नये, हे बंधनही मानले पाहिजे.

संशयवादी : आपण आता ज्या बंधनापाशी आलात तेथेच या विषयाचे मर्म आहे. शिळा भात कोणाला देऊ नये याची यादी झाली. तो प्रत्यक्षात कोण खातो? ताजे आधी घरातील पुरुषांना आणि मुलांना, आणि रात्रीचे संपवायचे ते घरातील बाईने, कारण टाकवत नाही. ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिची कोणी नोंदही घेत नाही. तीच बाई गरोदर असते तेव्हा ही वाटणी बदलते असे खात्रीने कोण सांगेल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याचे कारण शिळा भात आहे असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. पण ज्या ताटात वरण, भाजी आणि अंडे शेवटी पोहोचते, त्याच ताटात उरलेले पिष्ट आधी पोहोचत असेल, तर नासाडी टाळण्याचे श्रेय घराने घ्यायचे आणि किंमत एका शरीराने मोजायची असा हा व्यवहार ठरतो. वेळेचेही तसेच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. उरलेल्याचे नवे पदार्थ करा, या सल्ल्याने या दोन आकड्यांपैकी कोणता वाढतो हे सांगायला नको. आणि घराच्या उंबरठ्याबाहेरचा इतिहास तर याहून कठोर आहे. दुसऱ्याच्या घरचे शिळे आणि उष्टे तुकडे मागून जगणे ही ज्यांच्यावर जातीने लादलेली रीत होती, त्यांना १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्याचे आवाहन केले. याच भंडारा मतदारसंघातून त्यांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले; परंतु ते आवाहन या जिल्ह्यातील वस्त्यांनी मनावर घेतलेले आहे. ज्या घराने शिळे नाकारणे ही माणुसकीची पहिली पायरी मानली, त्या घरापुढे जाऊन शिळे खाणे हे सद्वर्तन आहे असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पुरस्कर्ता : त्या तोंडाने सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. मात्र येथे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतील. दुसऱ्याने खाऊन उरलेले वा नको म्हणून दिलेले अन्न आणि स्वतःच्या गंजातले, स्वतःच्या श्रमाचे, हात न लागलेले अन्न यांत अपमानाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. लग्नातील किंवा हॉटेलातील उरलेले जेवण गरिबांत वाटण्याच्या उपक्रमांविषयी जे उत्साहाने बोलले जाते, त्याला आपला आक्षेप पूर्णपणे लागू होतो, आणि घरगुती भाताची बाजू घेणाऱ्याने त्या उपक्रमांची बाजूही आपोआप घेतली पाहिजे असे नाही. बाईच्या ताटाविषयीचा आक्षेप मात्र अधिक जवळचा आहे आणि त्याला असे अंतर दाखवून उत्तर देता येत नाही. रोवणीच्या सकाळी पाण्यातला भात बांधीवर जाणारे सगळेच खात; त्या न्याहारीत मानाची उतरंड नव्हती, निदान त्या एका वेळेपुरती नव्हती. शेतीचे काम यंत्रावर गेले, न्याहारीला पोहे आणि चहा आले, आणि सर्वांचा असलेला पदार्थ हळूहळू एकटीचा झाला. तेव्हा दोष शिळ्या भाताचा नसून त्याच्या एकाकीपणाचा आहे असे म्हणता येईल.

संशयवादी : सगळेच खात होते हे आपण थोडे सोयीने आठवता आहात. गडी आणि मालक एकाच गंजातले खात नव्हते, आणि मजुरीवर रोवणी करणाऱ्या बाईच्या डब्यात जे असे ते आवडीने निवडलेले नसे. तरीही आपल्या शेवटच्या वाक्यात एक उपयोगी कसोटी आहे आणि ती मान्य करायला हरकत नाही: जो पदार्थ घरातला कर्ता पुरुषही न कुरकुरता खातो, तोच उरलेल्याचा सदुपयोग, बाकी सारी कचऱ्याची जागा बदलणे. ही कसोटी लावली तर आपल्या बाजूचे किती पदार्थ टिकतील? फोडणीचा भात टिकेल, चुरा टिकेल, भाताचे सांडगे टिकतील. पाण्यातला भात, ज्याची आपण सर्वांत जास्त भलावण केली, तो आजच्या शहरी घरात टिकेल असे वाटत नाही. म्हणजे ज्याला तेल लागत नाही तो कोणी खाणार नाही आणि जो सगळे खातील त्याला तेल लागेल.

पुरस्कर्ता : हे कोडे खरे आहे आणि पाककृतींच्या पुस्तकातून ते सुटणार नाही. कदाचित ते उलट्या टोकाने, म्हणजे तांदूळ मोजतानाच, हाताळावे लागेल. पण तेथेही अडचण आहे. विदर्भात पाहुणा अवेळी येतो आणि गंज रिता असणे ही घराची नामुष्की मानली जाते. दोन मुठी जास्त टाकण्यामागे हिशेबाची ढिलाई नसून आतिथ्याची शिस्त आहे. ती मोडून नासाडी कमी करावी, की ती राखून उरलेल्याची जबाबदारी सगळ्यांत वाटावी, यात सरळ निवड नाही.

संशयवादी : पाहुण्यासाठी टाकलेली मूठ पाहुणा न आल्यास कोणाच्या वाट्याला जाते, हे आधी ठरलेले असेल तर ती मूठ खुशाल टाकावी. ज्या घरात ते ठरलेले नाही, तेथे ती कमी टाकणे बरे. आणि नवतप्यात, शीतकपाट नसलेल्या घरात, रात्रीचा भात कितीही प्रेमाने उरवला तरी तो सकाळी निर्धोक असेलच असे सांगता येत नाही. त्या नऊ दिवसांपुरता तरी गंज लहान घ्यावा.